टंकित यादींतील ओळ : संग्राहकांकरितां संगणकवाचनाचा प्रथम पाठ

पोथीचें वर्णन करितांना पत्रसंख्येच्या खालोखाल जी गोष्ट नोंदविली जाते ती ओळींची. एका पृष्ठावर ओळी किती व एका ओळींत अक्षरें किती, हें सांगितल्यावांचून वर्णन पुरें झालें असें कोणी मानीत नाहीं. आतां बहुतेक संग्राहकांच्या याद्या संगणकावर टंकित होऊं लागल्या आहेत. परंतु त्या यादींतील ओळ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. टंकित फाइलींतून एकेक ओळ संगणकाकडून कशी वाचवून घ्यावी, हें आज्ञावली लिहिण्यास नुकताच आरंभ करणाऱ्यास कळेल अशा रीतीनें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा विषय यंत्रज्ञांचा, इतिहाससंशोधकांचा नव्हे, असें ज्यांस वाटेल त्यांनीं पुढील हकीकत अवश्य पाहावी.

नाशिक शहरांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडे जाणारा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात त्या चौकास द्वारका म्हणतात. वाचकांनीं सौराष्ट्रांतील क्षेत्र समजूं नये. या द्वारकेच्या वस्तींतील एका घरच्या पोथ्यांची टंकित यादी आमच्याकडे तपासणीस आली. यादी वीस-बावीस वर्षांपूर्वींची. तदनंतर घराच्या वांटण्या झाल्या, पोथ्या निरनिराळ्या बिऱ्हाडीं गेल्या, कांहींस वाळवी लागली. सारांश, संग्रह एके काळीं कसा होता हें सांगणारें साधन आज ही यादीच. यादीच्या आरंभीं हातानें लिहिलेल्या चिठ्ठींत पोथ्या २४१ म्हटल्या आहेत. संगणकास ओळी मोजावयास सांगितल्या, तेव्हां त्यानें २७६ सांगितल्या. दुसऱ्या एका साधनानें मोजल्या तों २७५ निघाल्या. एका पोथीस एक ओळ असा यादीचा नियम असतां ही तफावत कोठून आली, याचा उलगडा करण्यासाठीं फाइलीचें अंतरंग पाहणें प्राप्त झालें.

संगणकाची टंकित फाइल बाहेरून पानासारखी दिसली तरी आंतून ती एक लांब दोरी आहे. तींत ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या एकीपुढें एक मांडलेल्या असतात. अशा प्रत्येक संख्येच्या घरास बाइट म्हणतात. दोरीस रुंदी नसते, म्हणून तींत स्वभावतः ओळहि नसते. ओळ संपली हें कळविण्यास एक निराळी संख्या मध्यें घालावी लागते. ती १० ही होय. टंकयंत्रावर ज्यांनीं काम केलें आहे त्यांस ठाऊकच आहे कीं, ओळ बदलण्यांत दोन क्रिया असतात : गाडी मूळ जागीं परत आणणें, व रूळ फिरवून कागद पुढें सरकविणें. दूरमुद्रकांच्या काळीं या दोन क्रियांस १३ व १० असे दोन स्वतंत्र संकेत दिले गेले. विंडोज प्रणालींत अद्यापि दोन्ही लिहितात. लिनक्सांत केवळ १० लिहितात. जुन्या मॅकिंटॉश यंत्रांत केवळ १३ लिहीत असत. नवशिक्यानें याची धास्ती घेऊं नये. पायथन नामक जी आज्ञाभाषा आम्ही येथें गृहीत धरली आहे ती साध्या वाचनांत या तिन्ही प्रकारांस एकच ओळचिन्ह समजते.

आतां मुख्य मुद्दा. पडद्यावर जी ओळ दिसते ती फाइलींतील ओळ असेलच असें नाहीं. खिडकी अरुंद केली म्हणजे मजकूर आपोआप खालीं वळतो, रुंद केली म्हणजे सरळ होतो; या वळणास फाइलींत कसलाच पुरावा नसतो. मोडी पत्राची स्थिति याच्या नेमकी उलट. लेखक प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढतो, मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जातो. शब्द सुटे करीत नाहीं, आणि कागद संपला म्हणजे शब्द अर्धा असला तरी ओळ संपते. तेथें ओळ कागदाची आहे. फाइलींत ती केवळ चिन्हाची आहे. कागदाची ओळ फाइलींत उतरवावयाची असेल तर कोणीतरी बुद्धिपुरस्सर तेथें चिन्ह घातलें पाहिजे, व तें घातलें आहे हें नमूद केलें पाहिजे. याच द्वारकेवरून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यानें पांडवलेण्यांस जातां येतें. तेथील लेख सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत (१९०५-०६) छापले, ते शिळेवरील ओळींस क्रमांक देऊन छापले. शिलालेखांच्या व ताम्रपटांच्या प्रकाशनांत ही शिस्त रूढ झाली. कागदपत्रांच्या छापील साधनग्रंथांत मात्र मूळ ओळी बहुधा राखल्या गेल्या नाहींत. मजकूर सलग छापला जाई. त्यामुळें फाटलेल्या कडेपाशीं किती अक्षरें गेलीं असावींत याचा अदमास छापील पाठावरून करितां येत नाहीं. टंकित नक्कल करणारांनीं या उणिवेचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं. फाइलींत ओळचिन्ह टाकण्यास खर्च पडत नाहीं.

आमच्या यादींत काय झालें होतें तें आतां सांगतां येईल. टंकलेखक टंकयंत्राच्या संवयीचा असावा. नोंद लांबली व पडद्याची कड आली कीं तो एंटर दाबून पुढील भाग नव्या ओळींत घेई. अशा उपऱ्या ओळी २६ निघाल्या. शोभेकरितां सोडलेल्या कोऱ्या ओळी ९ निघाल्या. २४१, २६ व ९ मिळून २७६ झाल्या. दुसऱ्या साधनानें एक कमी सांगितली, कारण तें ओळी मोजीत नसून ओळचिन्हें मोजतें, आणि शेवटच्या नोंदीनंतर एंटर दाबलेलें नव्हतें. दोन्ही साधनें आपापल्या परीनें खरीं होतीं.

हा हिशेब जुळला म्हणून समाधान मानावें, तों दुसरी प्रत हातीं आली. हीच यादी मध्यंतरीं कोणी संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतली होती. यंत्रास ओळ हें एकच परिमाण कळतें. त्यानें २७६ ओळी इमानानें लाविल्या. कोऱ्या नऊ सर्वांच्या वर गेल्या, आणि लांब नोंदींचीं २६ शेपटें आपापल्या पोथ्यांपासून तुटून यादीभर विखुरलीं. लांब नोंदी अर्थातच पुष्पिकेच्या, म्हणजे ज्यांत शक, संवत्सर, लेखकाचें नांव व गांव अशा पोथ्यांच्या. संग्रहांतील सर्वांत मोलाचीं २६ पत्रें एका कळीसरशीं अनाथ झालीं म्हणावयाचें. मूळ क्रमाची प्रत शिल्लक होती म्हणून निभावलें. ती नसती तर ‘शके अमुक, अमुक ग्रामे लिखितं’ ही ओळ कोणत्या ग्रंथाची, हें पोथी समोर असल्यावांचून ब्रह्मदेवासहि सांगतां आलें नसतें.

यास्तव मूळ फाइलीस हात न लावतां ती केवळ वाचावी, व जें काय करावयाचें तें दुसऱ्या फाइलींत लिहावें. पायथनांत फाइल उघडण्याची आज्ञा ‘ओपन’ ही आहे. (आज्ञेचे शब्द प्रत्यक्षांत रोमन लिपींत टंकावे लागतात, येथें आम्ही उच्चार देतों.) तिला फाइलीचें नांव सांगावें, व कोणत्या हेतूनें उघडावयाची तें एका अक्षरानें सांगावें. ‘आर’ म्हणजे वाचण्याकरितां. कांहींच न सांगितल्यास हाच हेतु धरला जातो. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याकरितां. आणि येथें धोका आहे. ‘डब्ल्यू’ म्हणून उघडतांच, एकहि अक्षर लिहिण्याच्या आधीं, फाइलींतील पूर्वींचा सर्व मजकूर नाहींसा होतो. विचारणा होत नाहीं. धुतलेल्या पाटीवर जुनीं अक्षरें निदान अंधुक दिसतात. येथें तेंहि नाहीं. ज्याला आज्ञावलीचा एकच नियम पाठ करावयाचा असेल त्यानें हा करावा.

उघडतांना दुसरी एक गोष्ट सांगावी लागते, ती संकेतपद्धति. देवनागरीस यूनिकोडाच्या पहिल्या आवृत्तींतच, १९९१ सालीं, १२८ स्थानें मिळालीं. मोडीस स्वतंत्र स्थानें मिळण्यास २०१४ साल उजाडलें. हीं स्थानें बाइटांत कशीं मांडावींत याची आज सर्वत्र चालणारी रीत यूटीएफ-८ ही; ती केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं बसविली. या रीतीनें देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, मोडीच्या चिन्हास चार. येथें चिन्ह म्हणजे आपलें अक्षर नव्हे. ‘श्री’ हें लेखकाच्या लेखीं एक अक्षर. यूनिकोडाच्या लेखीं तीं चार चिन्हें, श, हलन्त, र व दीर्घ ईकार. आणि फाइलींत ते बारा बाइट. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ज्यांस ग्रंथसंख्या काढावयाची आहे त्यांनीं संगणकानें सांगितलेली लांबी तशीच घेऊं नये. ती फुगलेली असते.

‘ओपन’ म्हणतांना ‘एन्कोडिंग’ या नांवानें यूटीएफ-८ असें स्पष्ट न सांगितल्यास काय होतें तें मौजेचें आहे. विंडोजवरील पायथनच्या पुष्कळ आवृत्त्या अशा वेळीं पाश्चात्त्य युरोपाकरितां केलेली १२५२ क्रमांकाची जुनी पद्धति धरतात. या पद्धतींत पांच संख्यांस अक्षरच नेमलेलें नाहीं : १२९, १४१, १४३, १४४ व १५७. आतां देवनागरींतील हलन्ताच्या तीन बाइटांपैकीं शेवटचा नेमका १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा व चंद्रबिंदूचा शेवटचा १२९. ए या अक्षराचा १४३. ऐ व ॐ यांचा १४४. झ चा १५७. म्हणजे ‘श्रीगणेशाय नमः’ या आरंभाची फाइल चुकीच्या पद्धतीनें उघडली तर श निभावतो, आणि सहाव्या बाइटापाशीं, पहिल्याच जोडाक्षराच्या हलन्तावर, यंत्र अडून बसतें. असें अडणें हें खरोखर भाग्याचें. ज्या फाइलीच्या मजकुरांत हीं चिन्हें नसतील ती न अडतां वाचली जाते, व प्रत्येक अक्षराच्या जागीं डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ व त्याच्यामागें दोन अनोळखी खुणा उमटतात.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी इत्यादि जुन्या टंकांत लिहिलेल्या फाइलींची गोष्ट याहून निराळी. तेथें रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात; टंक नसला कीं मजकूर रोमन खिचडीसारखा दिसतो. शिवाय ऱ्हस्व इकार जसा दिसतो तसा व्यंजनाच्या आधीं टंकलेला असतो, यूनिकोडांत तो व्यंजनानंतर येतो. त्यामुळें रूपांतर करितांना नुसती अक्षराला अक्षर अशी कोष्टकी अदलाबदल पुरत नाहीं. तथापि हताश होण्याचें कारण नाहीं. ओळचिन्ह टंकावर अवलंबून नसतें. अशी फाइल ‘लॅटिन-१’ या पद्धतीनें उघडावी. तींत सर्व २५६ संख्यांस स्थान असल्यामुळें यंत्र कधीं अडत नाहीं. अर्थ कळला नाहीं तरी ओळी अभंग हातीं येतात, व रूपांतर मागाहून ओळीओळीनें करितां येतें.

फाइल उघडल्यावर ती एकदम सगळी स्मरणांत घेण्याची आज्ञा आहे, व ओळीओळीनें घेण्याचीहि आहे. शेंदोनशें नोंदींच्या यादीस कोणतीहि चालते. परंतु आम्ही आरंभापासून दुसरीच लावून घ्यावी असें सांगूं. ‘फॉर’ या शब्दानें सांगितलें असतां संगणक फाइलींतून एक ओळ काढतो, तिच्यावर सांगितलेलें कृत्य करितो, मग पुढची काढतो. वाचक सुट्या पत्रांची पोथी पुढें घेऊन बसतो, वाचलेलें पत्र उलटून पलीकडे ठेवितो, तसाच हा प्रकार. आणि पोथींत जें होतें तें येथेंहि होतें : सगळीं पत्रें पलीकडे गेलीं कीं अलीकडे कांहीं उरत नाहीं. तीच फाइल न मिटतां पुन्हां वाचूं गेल्यास संगणक एकहि ओळ देत नाहीं, व तक्रारहि करीत नाहीं. नवशिका येथें हमखास चकतो. गठ्ठा पुन्हां आरंभीं आणण्यास ‘सीक’ ही आज्ञा शून्य सांगून द्यावी, किंवा फाइल मिटून नव्यानें उघडावी.

‘रीडलाइन’ ही आज्ञा दिल्यास एकच ओळ मिळते. फाइल संपल्यावरहि ती कांहींतरी देते. तें ‘कांहींतरी’ म्हणजे रिकामी अक्षरमाला. मग कोरी ओळ व फाइलीचा शेवट यांत भेद कसा ओळखावा? कोरी ओळ खरोखर रिकामी नसते. तींत ओळचिन्ह असतें. शेवटीं मात्र तेंहि नसतें. जुन्या पत्रांच्या शेवटीं ‘लेखनसीमा’ची मुद्रा उठवीत, ती अशासाठीं कीं पुढें कोणी दोन शब्द घुसडूं नये. टंकित फाइलीस अशी मुद्रा नाहीं. बाइट संपले कीं ती संपली. प्रत अर्धवट उतरली असली तरी वाचणारास तें कळत नाहीं. म्हणून यादीच्या शेवटच्या ओळींत एकूण नोंदींचा आंकडा लिहून ठेवण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे.

मिळालेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटीं तिचें ओळचिन्ह चिकटलेलें असतें. तें काढल्यावांचून तुलना जुळत नाहीं. यासाठीं ‘स्ट्रिप’ ही आज्ञा सर्रास सांगतात. आम्हांस ती पसंत नाहीं. ती दोहों कडांच्या सर्व मोकळ्या जागा खाते, आणि एका बाडांत अनेक लहान ग्रंथ असले म्हणजे टंकलेखक ते थोडे आंत सरकवून लिहितो. तो आंतलेपणा जातो. ‘आरस्ट्रिप’ घेऊन तिला केवळ ओळचिन्ह काढण्यास सांगावें. पहिल्याच ओळीचा आंकडा न जुळल्यास तिच्या आधीं २३९, १८७, १९१ हे तीन अदृश्य बाइट आहेत काय तें पाहावें. कांहीं लेखनसाधनें ते आपण होऊन घालतात. अशा फाइलीस पद्धतीचें नांव ‘यूटीएफ-८-सिग’ असें सांगितल्यास ते गळतात.

ओळीचे रकाने पाडण्यास ‘स्प्लिट’ ही आज्ञा. पण कोणत्या चिन्हावर पाडावयाचे? स्वल्पविराम ग्रंथनामांत व पुष्पिकेंत येतो. अपूर्णविराम घ्यावा तर कित्येक टंकलेखक ‘नमः’ मधील विसर्गाच्या जागीं तोच टंकितात. ‘नम’ एका रकान्यांत व बाकीचा मजकूर दुसऱ्यांत जातो. उभी रोमन रेघ घ्यावी तर श्लोकाच्या दंडाऐवजीं तीच वापरलेली सांपडते. डोळ्यास दोन्ही सारख्या. टॅब हें चिन्ह त्यांतल्या त्यांत निर्वेध. असाच घोटाळा ‘कऱ्हाड’ सारख्या नांवांत होतो. त्यांतील अर्धा र दोन प्रकारांनीं टंकतां येतो, दिसतो एकसारखा, आणि एक प्रकार शोधला तर दुसऱ्या प्रकारच्या नोंदी सांपडत नाहींत. ओळ वाचतांच ‘रिप्लेस’ या आज्ञेनें दोहोंचा एक करून घ्यावा.

इतकी तयारी झाल्यावर या वाचनापासून संशोधकास काय मिळतें त्याचा एक नमुना देतों. पुष्पिकेंत शक व संवत्सर दोन्ही असले म्हणजे ते एकमेकांचे साक्षी होतात. दक्षिणेकडील रीतीनें शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी राहील त्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभवापासून मोजून. शके १५९६ मध्यें १२ मिळविले, १६०८ झाले, बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा आनंद, आणि शिवराज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. टंकलेखकाच्या हातून अंक उलटून १५६९ झाला तर बाकी २१ उरते, सर्वजित् निघतो, व चूक उघडी पडते. साठ नांवें एका निराळ्या फाइलींत एका ओळीस एक अशीं लिहावींत व ती आधीं वाचून घ्यावी. पायथनांत क्रम शून्यापासून मोजतात, प्रभव शून्यावर बसतो. म्हणून १२ ऐवजीं ११ मिळवावे, म्हणजे बाकी शून्य आल्यास क्षय समजण्याचा अपवादहि उरत नाहीं. शकाचे अंक देवनागरींत असले तरी चिंता नाहीं. ‘इंट’ ही आज्ञा १५९६ ही देवनागरी अक्षरमाला विनातक्रार संख्या म्हणून घेते.

द्वारकेच्या यादींतील शेपटें मूळ प्रतीवरून आपापल्या नोंदींस जोडून घेतल्यावर ही परीक्षा आम्हीं लाविली. ज्या ओळी जुळल्या नाहींत त्यांची दुरुस्ती केली नाहीं. चूक टंकलेखकाची असेल, पोथी लिहिणाराची असेल, किंवा पोथी उत्तरेकडून आलेली असेल. नर्मदेच्या उत्तरेस संवत्सर मोजण्याची रीत निराळी, आणि नाशिकच्या घरांत काशीहून आलेली पोथी असणें कांहीं नवल नव्हे. अशा प्रत्येक ओळीचा क्रमांक, तिचा शक, तींतील संवत्सर व गणितानें निघालेला संवत्सर एवढें दुसऱ्या फाइलींत लिहून ठेविलें आहे. ज्या बिऱ्हाडीं त्या पोथ्या गेल्या तेथें जाऊन शेवटचें पत्र प्रत्यक्ष पाहावयाचें आहे.